‘चीज बसणे’ : मराठी संगीतलेखनातील शिक्षणकाळाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

उरण तालुक्यातील मोरा हे बंदराचे गाव आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच साधारण तासाभरात येथे पोहोचते; मात्र ओहोटी मोठी असली की गाळामुळे ती धक्क्याला लागत नाही आणि प्रवाशांना पाणी चढेपर्यंत थांबावे लागते. या गावातील संगीताचे वाद्य म्हणजे भजनी मंडळाची पेटी. अशाच एका मंडळात पेटी वाजविणाऱ्याचा मुलगा प्रस्तुत लेखकाच्या वर्गात होता. महाविद्यालयात संगीताचा श्रेयांकाधारित वैकल्पिक अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा प्रवेशअर्ज हातात घेऊन त्याने विचारले, “सर, एक चीज बसायला किती दिवस लागतात?”

प्रश्न साधा होता. तरीही उत्तर देण्यासाठी मराठीतील संगीतविषयक ग्रंथ आठवू लागल्यावर लक्षात आले, की आपल्याकडे गायकांची चरित्रे, आठवणी, घराण्यांची मीमांसा, रागशास्त्र हे सर्व विपुल असूनही या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे लेखन फार थोडे आहे. वर्षांचे आकडे पुष्कळ भेटतात. त्या वर्षांत नेमके काय घडले, हे क्वचितच सांगितलेले असते. मराठी संगीतलेखनाने शिक्षणाचा काळ कसा मोजला आणि त्या मोजमापाने काय झाकले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. लेखक मराठी साहित्याचा अध्यापक आहे, गायक नाही. त्यामुळे येथील चिकित्सा मुख्यतः भाषेची व कथनाची आहे.

रचना ठरलेली असते तेव्हा

‘एक रचना शिकायला किती काळ लागतो?’ हा प्रश्न पाश्चात्त्य पियानोवादनाच्या जगात रोज विचारला जातो आणि तेथे तो अर्थपूर्णही ठरतो. कारण तेथील रचना कागदावर पूर्ण झालेली असते. पहिले स्वरचिन्ह आणि शेवटची दुहेरी रेघ यांच्यामध्ये जे आहे तेवढे वाजवायचे. बाखच्या 1722 मधील संग्रहातील ‘सी मेजर’ प्रील्यूड घेतले, तर त्यात 35 मात्राखंड आहेत. त्यांपैकी पहिल्या 32 खंडांत एकच आकृतिबंध वेगवेगळ्या स्वरसंघातांवर पुन्हा पुन्हा येतो; अखेरच्या तीन खंडांतच चाल बदलते. दिवसाला एक खंड असा हिशेब केला तर नवशिक्याला पाच आठवडे पुरावेत. परीक्षांची व्यवस्थाही याच गृहीतावर उभी आहे. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाने (स्थापना 1889) आणि ट्रिनिटी कॉलेजने रूढ केलेल्या श्रेणी-परीक्षांत प्रत्येक श्रेणीला प्रायः तीन रचना असतात. त्यांच्या जोडीला स्वरश्रेणींचा सराव, प्रथमवाचन आणि कानाची चाचणी. मुंबईतील मुलेही या परीक्षा देत आली आहेत. वर्षाला एक श्रेणी, म्हणजे वर्षाला तीन रचना, असा त्या घरांतील स्थूल हिशेब असतो.

तथापि हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. याच प्रील्यूडच्या काही जुन्या मुद्रित आवृत्त्यांत एक मात्राखंड अधिक आढळतो. श्वेंके नावाच्या संगीतज्ञाच्या प्रतीतून तो आला आणि गूनोने या प्रील्यूडवर आपली प्रसिद्ध ‘आव्हे मारिया’ची स्वरावली बेतली, तीही त्या अधिक खंडासह. म्हणजे लिखित रचनाही सर्वस्वी स्थिर नसते. दुसरे असे, की जी रचना नवशिक्या काही आठवड्यांत ‘वाजवतो’, तिच्याकडे व्यावसायिक पियानोवादक आयुष्यभर परत परत येत राहतात. बेथोव्हेनच्या 1801 मधील ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग अनेक हौशी विद्यार्थी वाजवतात; तिसऱ्या भागाला हात घालण्याचे धाडस त्यांतील थोडेच करतात. तरी बोलताना ‘मूनलाइट येते’ असेच म्हटले जाते.

येथे एक वैयक्तिक अनुभव नमूद करतो. चाळिशी ओलांडल्यावर प्रस्तुत लेखकाने मोऱ्याच्या घरी इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर हेच प्रील्यूड शिकण्याचा प्रयत्न केला. पाच आठवड्यांचा हिशेब साफ चुकला. चौदा आठवडे लागले. पुढे मुंबईत एका स्नेह्यांच्या घरी खऱ्या पियानोवर ते वाजवावयास बसलो, तेव्हा पट्ट्यांचे वजन बोटांना पेलेना आणि सातव्या-आठव्या खंडातच रचना विस्कटली. स्वर पाठ होते, क्रम पाठ होता, बोटांची जागा पाठ होती. मग चौदा आठवड्यांत मी नेमके काय शिकलो होतो? ‘शिकलो’ हे क्रियापद येथे फारच ढोबळ पडते, याची जाणीव मला त्या दिवशी प्रथम झाली.

‘एक तप’ नावाचे माप

मराठीत काळ मोजण्याचे एक खास माप आहे : तप. तप म्हणजे बारा वर्षे, आणि तप म्हणजे तपश्चर्याही. ‘अमुक बुवांनी खाँसाहेबांकडे एक तप तालीम घेतली’ हे वाक्य वाचताना वाचकाच्या मनात दोन्ही अर्थ एकदमच उमटतात. आकडा आणि गौरव यांची येथे गाठ पडलेली असते. यामुळेच मराठी गायकचरित्रांतील बारा हा आकडा गणिताचा म्हणून वाचता येत नाही. तो नऊ असेल, सोळा असेल, मध्ये चार वर्षांचा खंड पडलेला असेल. लेखणीतून उतरताना तो बाराकडे ओढला जातो. संतचरित्रांतून आलेली ही लकब आहे. साधकाच्या कष्टांविषयी आदर निर्माण करण्याचे काम ती चोख करते. शिकण्याच्या प्रक्रियेविषयी मात्र ती मौन पाळते.

हे मौन निरुपद्रवी नाही. केसरबाई केरकर (1892–1977) यांचे उदाहरण घ्यावे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंचे शिक्षण वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडे सुरू झाले आणि सुमारे आठ महिन्यांत थांबले. त्यानंतर रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्लाखाँ, भास्करबुवा बखले अशा थोरांकडून त्यांना तुकड्यातुकड्यांनी शिक्षण मिळाले. 1921 पासून अल्लादियाखाँ यांची तालीम सुरू झाली. खाँसाहेबांच्या 1946 मधील निधनापर्यंत हा संबंध टिकला. या सर्व वर्षांची बेरीज करून ‘इतकी वर्षे साधना’ असे लिहिणे सोपे आहे. पण या बेरजेत कशाकशाचा समावेश आहे? गुरू दुसऱ्या गावी गेला म्हणून वाया गेलेली वर्षे, योग्य गुरू मिळेपर्यंतची प्रतीक्षा, बिदागीची व आश्रयाची जुळवाजुळव, आणि मग उरलेली प्रत्यक्ष तालीम. कलावंत समाजात जन्मलेल्या स्त्रीला उस्तादाचा वेळ मिळविण्यासाठी जे करावे लागे, त्याला रियाज म्हणता येणार नाही. तरी चरित्रात ते सर्व ‘साधने’च्या खात्यावर जमा होते.

मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळक दिसते. सांगलीत त्यांचा आवाज अल्लादियाखाँ यांच्या कानावर पडला आणि तालीम सुरू झाली. पुढे मुंबईत इतर शिष्यवर्गाच्या विरोधामुळे तीत खंड पडला. मग खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ, मग आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ, आणि अखेर पुन्हा अल्लादियाखाँ असा हा प्रवास आहे. त्यातील खंडांना अवघड रागांची गुंतागुंत जबाबदार नव्हती. माणसांचे हेवेदावे जबाबदार होते. जयपूर घराण्याची गायकी ‘शिकायला फार काळ लागतो’ हे विधान जेव्हा आपण सहज करतो, तेव्हा या गायकीची अंगभूत बिकटता आणि ती मिळविण्याच्या वाटेवरील अडवणूक यांची सरमिसळ करतो. समीक्षकाने या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढावयास हव्या होत्या. आपल्या समीक्षेने ते केले नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

मोजणीची दुसरी रीत

वर्षांऐवजी चिजा मोजणारी एक परंपराही मराठीत आहे. तिचे प्रवर्तक विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) हे व्यवसायाने वकील होते, हा योगायोग नसावा. 1884 मध्ये मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाल्यानंतर त्यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून सुमारे तीनशे ध्रुपदे घेतली, अशी नोंद त्यांचे चरित्रकार करतात. येथे भाषा बदललेली दिसते : बुवांची सेवा किती वर्षे केली, याऐवजी किती चिजा ‘घेतल्या’, हे सांगितले जाते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मराठी ग्रंथ (पहिला भाग 1910) गुरू व शिष्य यांच्या संवादाच्या स्वरूपात आहे. त्यातील शिष्य शंका विचारतो आणि गुरू न रागावता उत्तर देतो. त्या काळाच्या तालमीच्या खोलीत असा शिष्य किती दिवस टिकला असता, असा विचार वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही. पुढे ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या आणि 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले.

विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून शिक्षणाला वर्ग, इयत्ता व पाठ्यपुस्तक दिले. त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये स्थापलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची एक वास्तू आपल्या परिसरात, वाशीत आहे. मंडळाची ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ ही परीक्षांची शिडी महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. ‘विशारद व्हायला किती वर्षे लागतात?’ हा प्रश्न आज निःसंकोच विचारता येतो, याचे श्रेय या दोन विष्णूंना आहे. हे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या मुलीला कोणी उस्ताद दारात उभे केले नसते, ती आज मंडळाच्या केंद्रात फी भरून बसू शकते.

परंतु चीज मोजण्याच्या रीतीतही एक उणीव राहिली. स्थायी व अंतरा मिळून त्रितालातील मध्यलयीची बंदिश बहुधा पाच-सात आवर्तनांत मावते. चांगल्या कानाचा विद्यार्थी ती तासाभरात पाठ करू शकतो. स्वरलिपीत ती पियानोच्या रचनेसारखी पूर्ण दिसते. दुहेरी रेघही असते. पण ख्यालगायनात गाणे त्या रेघेनंतर सुरू होते. मुखडा कसा घ्यायचा, समेवर किती अलगद यायचे, रागाची बढत कोणत्या स्वरावर थांबवून कोणत्या स्वराला पुढे आणायचे, हे सारे छापील पानाबाहेर असते. तपाचे माप अवाच्या सवा मोठे असेल, तर चिजेचे माप अगदीच तोकडे आहे. एक राग ‘झाला’ म्हणून पुढच्या रागाकडे वळणारा विद्यार्थी आणि बारा वर्षांच्या आकड्याने दबून गेलेला विद्यार्थी, हे दोघेही आपण नेमके कोठे आहोत हे सांगू शकत नाहीत.

तीन ग्रंथकार

या दोन मापांच्या पलीकडे जाणारे लेखन मराठीत अजिबात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांच्या 1939 मधील आत्मपर ग्रंथाचे शीर्षकच बोलके आहे : ‘माझा संगीत व्यासंग’. शिक्षण नव्हे, साधना नव्हे, व्यासंग. टेंब्यांचे बरेचसे ज्ञान ऐकून आणि साथ करून आलेले होते. पेटीवर भास्करबुवांसारख्या गायकाची साथ करणाऱ्याला पुढची जागा येण्यापूर्वी ओळखावी लागते. या ओळखीला किती दिवस लागले, हे विचारणेच अप्रस्तुत ठरते. प्रत्येक मैफल हाच धडा असतो. ‘मानापमान’ (1911) च्या पदांना चाली देणारा हा माणूस रीतसर तालमीच्या हिशेबात कोठेच बसत नाही, हे त्या हिशेबाविषयीच काही सांगून जाते.

वामनराव देशपांडे हे व्यवसायाने सनदी लेखापाल. ‘घरंदाज गायकी’ (1961) मध्ये त्यांनी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची जागा निश्चित केली आणि घराण्याचा उगम मूळ पुरुषाच्या आवाजात व शिष्यांनी केलेल्या त्या आवाजाच्या अनुकरणात शोधला. या मांडणीवर बरेच वाद झाले, ते येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की तिच्यातून शिक्षणकाळाचे एक उत्तर निघते : घराण्याची तालीम दीर्घ असते, कारण दुसऱ्याच्या कंठाची घडण आपल्या कंठात उतरवायची असते. हे उत्तर तपापेक्षा निश्चितच ठोस आहे. मात्र लेखापालाच्या काटेकोरपणाने त्यांनी या काळाचा ताळेबंद मांडला असता तर मराठी समीक्षेचे मोठे काम झाले असते. ते त्यांनी केले नाही.

तिसरे प्रा. बी. आर. देवधर (1901–1990). पलुस्करांच्या या शिष्याने पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला, 1925 मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले आणि आवाजसाधनाशास्त्राचा छंद आयुष्यभर जोपासला. ‘थोर संगीतकार’ मधील त्यांची व्यक्तिचित्रे प्रत्यक्ष सहवासातून आली आहेत. आदर बाळगूनही कुतूहल न सोडणारा हा लेखक आहे. रियाज केव्हा, किती, कोणत्या स्वरावर, असले प्रश्न त्याला पडतात. माझ्या मते मराठी संगीतलेखनात शिक्षणप्रक्रियेच्या सर्वांत जवळ देवधरच गेले आहेत. त्यांच्या हाती आलेला एक विद्यार्थी तर या संपूर्ण विषयाची कसोटीच ठरावा.

ध्वनिमुद्रिका आणि मुलगा

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे 1924 मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, लहानपणी नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवीत. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन ते साडेतीन मिनिटांची. आलाप कोठे, तान कोठे, श्वास कोठे, सर्व ठरलेले. भारतीय संगीतात पियानोच्या ‘रचने’सारखी शंभर टक्के निश्चित अशी वस्तू जर कोणती असेल, तर ती ही तबकडी होय. आणि या मुलाला अशी वस्तू आत्मसात करण्यास जवळजवळ वेळच लागत नसे. देशपांड्यांच्या सिद्धांतातील कठीणतम भाग, दुसऱ्याच्या कंठाचे अनुकरण, तो खेळता खेळता करी.

मग 1936 मध्ये त्याला देवधरांकडे का आणले गेले? कारण जे येत होते ते गाणे नव्हते, एवढे आसपासच्या जाणत्यांना कळले होते. देवधरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत-जात. तेथे ऐकणे, तुलना करणे, प्रश्न विचारणे हेच शिक्षण झाले. काही वर्षांतच कुमार तेथे शिकवूही लागले. तबकड्या पाठ करणाऱ्या मुलापासून ‘अनुपरागविलास’ (1965) सिद्ध करणाऱ्या वाग्गेयकारापर्यंतचे अंतर, मध्ये देवासच्या आजारपणाची वर्षे धरून, सुमारे तीन दशकांचे आहे. यातील ‘शिकण्याचा काळ’ कोणता? चरित्रलेखक बहुधा देवधरांकडील वर्षांकडे बोट दाखवितात. मला ते पटत नाही. क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना, गाण्याची मनाई असताना, कानावर पडत राहिलेल्या माळव्यातील लोकधुनांचा काळ त्यातून वगळायचा कसा? त्या काळात रियाजाचे तास शून्य होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण गोव्यातच सापडते. केरी-कुर्डीच्या मुली उस्तादांच्या दारी तिष्ठत होत्या, तेव्हा गोव्याच्या किनारपट्टीतील ख्रिस्ती मुले चर्चच्या पॅरिश शाळांत स्वरवाचन व व्हायोलिन शिकत होती. यांतून निघालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरून गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012), शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. समोर ठेवलेला कागद पाहून आजवर न ऐकलेली चाल त्याच सत्रात वाजवायची, ध्वनिमुद्रण झाले की कागद बाजूला ठेवायचा आणि दुसरे दिवशी दुसरी चाल. येथे रचना शिकायला लागणारा काळ जवळपास नाहीसा होतो, कारण रचना ‘शिकलीच’ जात नाही. ती वाचली जाते. बालपणी वाचनावर खर्च झालेली वर्षे प्रत्येक नव्या रचनेवरचे दिवस वाचवितात. एकाच छोट्या प्रदेशात, एकाच काळात, काळाचे हे दोन हिशेब शेजारी शेजारी नांदत होते आणि मराठी संगीतसमीक्षेने त्यांची तुलना केल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. धर्म, जात, भाषा आणि ‘शास्त्रीय’ या शब्दाभोवतीची आपली सोवळी कल्पना यांनी ही कवाडे बंद ठेवली असावीत.

परकीय तप

आता तपाची जागा एका इंग्रजी आकड्याने घेतली आहे. एरिक्सन व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरीने दहा हजार तासांच्या आसपास भरला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 मधील लोकप्रिय पुस्तकाने या सरासरीचा नियम बनविला, ज्यावर पुढे एरिक्सन यांनीच आक्षेप घेतला. 2014 मधील एका व्यापक फेरअभ्यासात संगीतातील कामगिरीच्या तफावतीपैकी केवळ 21 टक्के तफावत सरावाने स्पष्ट होते, असे आढळले. गंमत अशी, की दहा हजार तास बारा वर्षांत वाटले तर रोजचे सव्वादोन तास होतात. अगदी आपल्या मध्यमवर्गीय रियाजाएवढे. तपाचेच हे भाषांतर असावे अशी शंका येते. व्याख्यानांतून हा आकडा वापरणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी तो सरासरीचा आकडा आहे, याचे भान ठेवावे.

क्रियापदांकडे परत

मोऱ्याच्या विद्यार्थ्याने ‘शिकायला’ असा शब्द वापरला नव्हता. त्याने ‘बसायला’ म्हटले होते. हा भेद त्याला घरातून मिळाला होता. मराठी गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या तोंडी या व्यवहारासाठी एक नव्हे, अनेक क्रियापदे आहेत. चीज आधी मिळते. मग ती पाठ होते. मग बसते, म्हणजे तालाचा धाक न राहता ठेक्यावर आपोआप पडते. मग गळ्यावर किंवा हातावर चढते. लय वाढवली, पट्टी बदलली तरी मोडत नाही. आणि मग कधीतरी ती मुरते. मिळणे घडीभरात होते. पाठ होणे तासांत. बसणे आठवड्यांत किंवा महिन्यांत. चढणे ऋतूंत मोजावे लागते. मुरण्याला मात्र मोजपट्टी लावता येत नाही, कारण ते गात नसतानाही चालू राहते, जसे देवासला चालू राहिले. माझे प्रील्यूड की-बोर्डवर बसले होते, पियानोवर चढले नव्हते. चौदा आठवड्यांत जे झाले त्याचे नाव माझ्याच भाषेत तयार होते. केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ या साडेतीन मिनिटांच्या भैरवीला (जी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर अवकाशात गेली) हीच पायरी लावून ऐकले, तर तिच्यामागील वर्षांची बेरीज करण्याची गरज उरत नाही.

बोलीत असलेली ही सूक्ष्म व्यवस्था आपल्या चरित्रग्रंथांत उतरली नाही, तशी ती अभ्यासक्रमांतही उतरली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कला व वाणिज्य महाविद्यालयांतून संगीताचे दोन श्रेयांकांचे अभ्यासक्रम सुरू होत आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे दोन श्रेयांकांना 60 तास. एवढ्या अवधीत काय घडू शकते, याचा प्रामाणिक अंदाज आधी बांधावयास हवा. आमच्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात सहा राग होते. एका रागाला दहा तास. त्यांतून उपस्थिती, सूर लावणे, सुट्ट्या वजा जाता सहा-सात. एवढ्यात सहा बंदिशी पाठ होतील, बसणार एकही नाही. एकच भूप घ्यावा, त्यात एक सरगम, एक मध्यलयीची बंदिश आणि एक भूपातील अभंगाची चाल घ्यावी, आणि गुणपत्रिकेत ‘पाठ आहे’, ‘बसली आहे’ व ‘चढली आहे’ असे तीन रकाने ठेवावेत, अशी सूचना मी लेखी केली. ‘विद्यापीठीय परिभाषेत हे शब्द बसत नाहीत’ असा शेरा तिच्यावर आला. सूचना अर्धीच मान्य झाली : राग सहाचे तीन झाले, रकाने आले नाहीत.

त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा सांगितले, “पाठ एका दिवसात होईल. बसायला दिवाळी उजाडेल. पुढचं तुझ्या वडिलांना विचार.” त्याने खरोखरच विचारले. वडिलांचे उत्तर त्याने मला सांगितले, ते असे, की भजनात रोज वाजते ती चाल दोन महिन्यांत बसते आणि सणापुरती वाजते ती दहा वर्षांतही बसत नाही. हा निकष माझ्या तीन रकान्यांपेक्षा बरा होता, असे आज वाटते. तो मसुद्यात घालायचे तेव्हा सुचले नाही.

सत्राअखेरीस प्रात्यक्षिक परीक्षा झाली. त्या सकाळी ओहोटी मोठी होती. मुंबईहून यावयाच्या परीक्षकांची लाँच दोन तास खोळंबली. तेवीस विद्यार्थी एका दुपारीत उरकावयाचे असल्याने प्रत्येकाला सहा मिनिटे मिळाली. मोऱ्याच्या या मुलाने भूपातील स्थायी म्हटली, अंतरा म्हटला, दोन आलाप घेतले. तिसऱ्या आलापात तो धैवतावर थोडा अधिक थांबला, पंचमाकडे उतरू लागला आणि तेवढ्यात घंटा झाली.